कार्डावरचं तिसरं नाव

हुडकेश्वर, नागपूर
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

नत्थू,

थोरल्या भावाचा आशीर्वाद, तुला आणि भीमाबाईला. तुझ्या छातीचे टाके आता सुकले असतील. इथे थंडी पडली, गांधीबागेच्या कापडबाजारात ब्लँकेटं बाहेर निघाली. दुकान बरं चाललंय. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. मीही बराच म्हणायचा.

फोन केला तर तू हसशील, म्हणून लिहितोय.

श्रावणात तुझी बायपास झाली, तेव्हा मी भेटायला आलो होतो. आत येण्याआधी पंधरा मिनिटं वॉर्डाच्या दाराबाहेर उभा होतो, हे तुला माहीत नाही. माझे कान तुला ठाऊक आहेत. गिऱ्हाईक पायरीवर बायकोशी काय कुजबुजतं, त्यावरून मी भाव सांगतो. आत बावीस माणसं होती. अर्धं मौदा गाव तुझ्या खाटेभोवती. शेजारचा म्हातारा स्वतःच्या डब्यातलं वरण तुला वाढत होता, आणि तू, छाती शिवलेली, सगळ्यांना हसवून राहिला होतास. सगळं सरकारी योजनेतून, राशन कार्डावर.

मला जळजळ झाली. तिलाच मी तेव्हा तत्त्व म्हटलं. आत येऊन म्हणालो, "वा रे नत्थू! तंबाखूचा खर्रा तू खायचा, अन् ऑपरेशन माझ्या टॅक्सातून? माणसानं आपली जबाबदारी आपण घ्यावी." म्हाताऱ्यानं डबा बंद केला. भीमाबाईनं मान खाली घातली. तू मात्र म्हणालास, "काहून तापून राहिला गा दादा? तू भी ये ना. बाजूची खाट उद्या खाली होते."

तीन महिने झाले, ते वाक्य कानातून जात नाही. आपण बोललोही नाही.

मी खर्रा खात नाही. रोज सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारतो. आई तुझ्या ताटात जास्तीची भाकर वाढायची आणि म्हणायची, "मारोती घेईल कमावून." घेतलं कमावून. पण माझ्या खाटेभोवती बावीस माणसं जमतील का, हे त्या दिवसापासून मनातून हलत नाही.

आता खरं लिहितो. दिवाळीआधी माल चढवताना छाती दाबून आली. तपासणीत तीन ठिकाणी नळ्या बंद निघाल्या. तुझ्या दोन होत्या. इथे तरी मी पुढे. विमा कंपनीनं हात वर केले. चार वर्षांपूर्वी मी कंपनी बदलली, तेव्हा एजंटानं विचारलं होतं, "शुगर?" मी म्हणालो, "नाही लिही." हप्ता कमी बसावा म्हणून. शुगरच्या गोळ्या तेव्हाही गल्ल्याच्या मागे होत्या. तुला भर वॉर्डात जबाबदारी शिकवणारा माणूस तो हाच. खिशातून ऑपरेशन करायचं तर दुकान विकावं लागेल.

म्हणून काल त्याच दवाखान्यात योजनेच्या खिडकीशी गेलो. आता सगळ्यांनाच लागू आहे म्हणतात. तिथे पायल नावाची पोरगी बसते.

"काका, राशन कार्ड?"

"माझ्याजवळ नाही. भावापासून वेगळा झालो, तेव्हा मौद्याच्या कार्डातून नाव कापलं."

आठवतं ना? "मले सरकारचं काही नको" म्हणत मीच अर्ज लिहिला, आणि तहसीलात द्यायला तुझ्याच हाती दिला.

तिनं माझा आधार नंबर टाकला. "कुठं कापलं काका? भीमाबाई, नत्थूजी, मारोतराव. तिसरं नाव तुमचंच तर हाये."

नत्थू, तू अर्ज दिलाच नाहीस. वर आधार जोडताना शेताच्या कागदांवरून माझाही नंबर काढून दिलास. वीस वर्षं मी वेगळा राहिलो म्हणत होतो. खिडकीशी उभ्या उभ्या मी तुझ्यावर पुन्हा जळलो, कारण हे मला सुचलं नसतं. तुझं नाव माझ्या हाती असतं, तर मी ते त्याच दिवशी कापून आलो असतो.

खर्रा खाणाऱ्याला दोन शब्द सुनवावेत, असं मला अजूनही वाटतं. पण रांगेत माझ्या पुढे एक खर्रेवालाच होता, आणि माझं तोंड उघडलं नाही.

सोमवारी भरती आहे. पुरुषांच्या वॉर्डात सोबतीला पुरुषच लागतो, आणि माझ्या पोराला, पुष्करला, बंगळूरहून यायला गुरुवार उजाडेल. तू ये. तुझी बावीस माणसंही आण, मी मोजणार नाही. खर्रा मौद्यालाच ठेव.

आणि तो अर्ज पेटीत सापडला तर घेऊन ये. मला माझ्या हातानं फाडायचा आहे.

तुझ्या घरातला,
मारोती