नारिंगी कठडा

आबा, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज कुठे मला तुमच्यावरचा एक जुना राग सोडायचाय.

तुम्ही धुळ्याच्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत लावायचात. सकाळची शाळा सुटली की देवपुरातून पूल ओलांडून मी तुमचा डबा घेऊन यायची. त्या दिवशी दिवाळीचा नवा लाल फ्रॉक मिरवत मी थेट तुम्ही ज्या उजेडात कापूस पारखायचात त्या उत्तरेच्या खिडकीत जाऊन उभी राहिले. हातातली कापसाची मूठ तशीच धरून तुम्ही खेकसलात, "बाजूले व्हय! तुना फ्रॉकनी लाली कापूसवर पडी ऱ्हायनी." हमाल हसले. इतक्या हौसेने आले होते हो मी! रडतच घर गाठलं, तो फ्रॉक पुन्हा अंगाला लावला नाही.

आता मी समुद्राची प्रत लावते म्हणा ना. पाण्याचा रंग बघून त्यात शेवाळ किती, गाळ किती, हे उपग्रह वरून सांगतो. तो खरं बोलतो का, हे पडताळायला जगभर समुद्रात मनोरे उभे केलेत. त्यातल्या एकावरचं रंग मोजायचं यंत्र माझ्या ताब्यात. यंदा आमच्या यंत्रात पाणी उपग्रह सांगतो त्यापेक्षा तांबूस भरायला लागलं. मी छातीठोकपणे कळवलं, यंत्र चोख आहे, चूक वरची आहे. माझ्या शब्दावर लोक उपग्रहाचं गणित बदलायला बसले.

मग एका सकाळी मनोऱ्यावर यंत्राची काच पुसताना समोरचा कठडा दिसला. नारिंगी! बोटींना लांबून दिसावा म्हणून मीच हौसेने रंगवून घेतलेला. त्याचीच झाक यंत्रात जात होती. कापसाची प्रत लावणाऱ्याची लेक मी, अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. सांगितलं तर सहा महिन्यांची मोजमापं बाद, शिवाय उपग्रह पडताळणाऱ्या मनोऱ्यांच्या यादीतून आमचं केंद्रच जायची भीती.

तेव्हा ती निळी ताडपत्री आठवली. तुमच्या खिडकीबाहेर कोणीतरी बांधलेली. तिच्या झाकेत एरंडोलच्या एका शेतकऱ्याचा कापूस तुम्हाला मळकट दिसला आणि तुम्ही खालची प्रत लावलीत. दुपारी ध्यानात आलं तशी सायकल काढलीत, तो माणूस स्टँडवर गाठून जिनिंगमध्ये परत आणलात. "भाऊ, मनी नजर चुकनी. कापूस परत दखाडा." मालक डोळे वटारून बघत होता. मी डबा धरून तिथेच उभी होते.

तुमचंच वाक्य मी उपग्रहवाल्यांना पत्रात लिहून पाठवलं, माझी नजर चुकली. कठडा काळा करून घेतलाय. केंद्र ठेवायचं की नाही ते अजून ठरायचंय. पण आबा, मला झोप लागते, आणि हे तुमचेच उपकार. फ्रॉकच्या त्या दिवशी लाडाने जवळ घेतलं असतंत, तर मी काय शिकले असते?

हे पत्र धाडायला पत्ता नाही ते बरंच आहे, कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नसती. तुम्ही त्याच दुपारी सायकल काढली होतीत. कठडा बघितल्यावर मी चार दिवस गप्प बसले होते.