सुनेदेखत

चाकण,
ता. १४ सप्टेंबर १९५७

प्रिय वन्सं,

तुमचं रागाचं पत्र परवा पोचलं. ‘पोस्टानं आलेला बाळंतविडा उशाला घेऊन झोपू का?’ हे वाचून आधी हसू आलं आणि मग रडू. तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. दुसरं बाळंतपण झालं म्हणून लेकीची माहेरची ओढ काही कमी होत नाही, आणि आम्ही ना तुम्हाला न्यायला आलो, ना बारशाला आलो. वर मी आपली ‘गावात साथ आहे, पाणी वाईट आहे’ असली थातुरमातुर कारणं लिहीत राहिले. साथबीथ काही नव्हती. तुमच्या जागी मी असते तर याहून दोन शब्द तिखटच लिहिले असते, माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. या खेपेला कार्ड न टाकता पाकीट धाडते आहे, कारण कार्ड आलं की भाऊजी ते हौसेनं मोठ्यानं वाचून दाखवतात. हे तुम्ही एकट्या बसून वाचा, बाळी झोपली की वाचा.

मामंजी आजारी आहेत. फार आजारी आहेत. पोटात गाठ आहे. माघात पुण्याला इस्पितळात नेलं, तिथं पोट उघडलं आणि होतं तसं शिवून टाकलं. घरी न्या, मागतील ते खाऊ घाला, असं सांगितलं. तेव्हा तुम्हाला पाचवा महिना होता. खाटेवर पडल्यापडल्या मामंजींनी यांचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, “लेकीला कळवायचं न्हाई. पोटुशी हाय ती. माझ्यापायी तिच्या जिवाला घोर नको.” मग बाळंत झालात, तेव्हा म्हणाले, आता दूध आटंल, आत्ता नको. त्यांना वेळ काही बरी वाटेना, आणि आम्ही शपथेला बांधलेले. तुमचे बंधू तर शपथ म्हटली की मिठाची बाहुली. बोलायला गेले की विरघळतात.

तुम्ही पाहिलेले मामंजी आता राहिले नाहीत. मला आठवतं, लग्न होऊन आले त्या साली कांद्याच्या बाजारात मापाडी म्हणून त्यांचं माप चालू असताना आवाज थेट आपल्या ओट्यापर्यंत यायचा. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, आणि तो ‘लाभ’ असा खणखणीत की गाडीचे बैल कान टवकारायचे. मी नवी नवरी, माजघरात बसून म्हणायचे, सासरा असा गरजतो, तर माझं या घरात कसं व्हायचं? आणि दहा वर्षांत त्यांनी माझ्यावर एकदा आवाज चढवला असेल तर शपथ. आता तोच माणूस खाटेवर हातभर उरला आहे. फेटा मात्र रोज बांधतात. मी भाकरी घेऊन आत जायच्या आधी खाकरते, तेवढ्यात फेटा डोक्यावर चढलेला असतो.

आपल्या डॉक्टर बापटांनी होळीच्या सुमाराला स्पष्ट सांगितलं की या दुखण्याला आता अफूच. मामंजी माळकरी. अफूचं नाव काढताच त्यांनी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं की बाबा, ही नशा नाही, औषध आहे, माळेचा देवही एवढं समजतो. शेवटी तयार झाले. पण तुम्हाला माहीत असेल, मुंबई सरकारच्या दारूबंदीच्या कायद्यानं आता अफू परवान्याशिवाय मिळत नाही. डॉक्टरांनी दाखला द्यायचा, खेडच्या कचेरीनं परवाना द्यायचा, आणि मग सरकारमान्य दुकानातून ठरवून दिलेली तेवढीच आणायची. ते सगळं यांनी केलं. आणि वन्सं, त्या एवढ्याशा काळ्या गोळीनं घर पुन्हा घर झालं हो! दुधात कुस्करलेली भाकरी पोटात जाऊ लागली. ओट्यावर येऊन बसायला लागले. शेजारच्या हसीनाबीच्या पोरांना मापाची गाणी म्हणून दाखवायचे. तुम्हाला मुलगी झाल्याचं कार्ड आलं ते याच दिवसांत. स्वतः पेढे आणायला सांगितले आणि गल्लीत वाटायला लावले.

मग परवान्याची मुदत संपली. नवा परवाना हवा तर पुण्याला डॉक्टरांच्या मंडळापुढे स्वतः हजर व्हायचं, त्यांनी बघून-विचारून ठरवायचं, असा नियम. तुमचे बंधू पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात, आठवडाभर तिथंच खोलीवर राहतात, आणि नोकरी अजून कायम नाही. रजा मिळेना. सगळ्या मुलखाला पुरेल एवढं औषध जिथं तयार होतं तिथला माणूस, आणि बापाला औषधासाठी घेऊन जायला मोकळा नाही! मग गेले कोण? मी. एस.टी.तून त्यांना धरून नेलं. तुम्हाला सांगते, त्या दिवशी मामंजींनी धुतलेलं धोतर नेसलं, न्हाव्याला बोलावून दाढी केली, ठेवणीतला फेटा बांधला. मला बरं वाटलं. म्हटलं, साहेबलोकांपुढे जायचं तर नीटनेटकं जावं. माझ्या डोक्यात कशी माती भरली होती बघा.

मंडळातले डॉक्टर वाईट नव्हते. खोटं कशाला बोलू? एक तर अगदी मायेनं म्हणाले, “आजोबा, फार दुखतं का?” मी दाराशी पदर घेऊन उभी. मामंजी खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “कुठं काय, सायेब. देवाच्या दयेनं बरं हाय.” अफू लागते का विचारलं, तर गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाले, “न्हाई जी. माळकरी हाय मी. आमच्या घराण्यात कुणी नशापाणी केलं न्हाई.” मग ते डॉक्टर माझ्याकडे वळले. बाई, हे घरी ओरडतात का, कण्हतात का? वन्सं, मी काय सांगणार? माझ्या कानांनी मी कधी ऐकलंच नव्हतं. मी आपली ‘नाही’ म्हणाले. ‘पण साहेब, त्यांच्या पंच्याचं टोक चावून चावून विरलंय’ हे पुढचं माझ्या ओठावर होतं, तोवर त्यांनी लिहायला घेतलं आणि शिपायानं दुसऱ्याचं नाव पुकारलं. मी तरी बोलले. कोण ऐकतो! परवान्याची गरज दिसत नाही, असा शेरा पडला.

बाहेर बाकावर त्यांच्या आधीचे आणि नंतरचे लोक बसले होते. एक जण आत जाईपर्यंत विडी ओढत गप्पा मारत होता, आणि आत गेल्याबरोबर पोट धरून असा लोळला की बाहेर आम्ही दचकलो. डॉक्टरांना दिवसभर हेच बघायचं. खोटं कण्हणारे शंभर येतात, त्यात एखादा खरोखर दुखणारा माणूस पाव्हण्यासारखा बसून ‘बरं हाय’ म्हणाला, तर त्यांनी तरी कसं ओळखावं? मला राग येतो तो कुणावर काढावा हेच कळत नाही. दारूबंदी झाली तेव्हा मीच या गल्लीत साखर वाटली होती. माझ्या थोरल्या बहिणीचा संसार दारूनं धुवून नेला, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. कायदा असावाच, असं मी आजही म्हणते. पण त्याच्या चरकात आपलाच माणूस सापडला की काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

मामंजी असं का बोलले, हे मला डॉक्टर बापटांकडून कळलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा मामंजी म्हणाले, “डाक्टर, सून दाराशी हुबी. तिच्यादेखत मी दुखतंय म्हणून रडू? आन् अफू खातो म्हणून सांगू?” हे ऐकल्यावर मी चुलीपुढे बसून राहिले. दुसरं कुणी बरोबर गेलं असतं तर? अगदी हसीनाबीचा थोरला मुलगा करीम गेला असता तरी चाललं असतं. मी गेले ते सोबत म्हणून, आणि नेमकी माझीच अडचण झाली.

पुढचं थोडक्यात सांगते. बापटांनी त्यांच्याजवळच्या मॉर्फियाचं, म्हणजे अफूच्याच अर्काचं, एक इंजेक्शन दिलं. पुढच्या तपासणीला दारूबंदी खात्याचे इन्स्पेक्टर आले, त्यांनी विचारलं, ज्याला दुखत नाही असं मंडळ म्हणतं त्याला तुम्ही हे कशाच्या आधारावर दिलं? त्या दिवसापासून बापटांचे हात बांधले गेले. बिचारे माझ्याकडे न बघता म्हणाले, “मंजुळाबाई, माझा परवाना गेला तर गावात अडलेल्या बाईला वेळेला काय टोचू?” आता डोकेदुखीच्या गोळ्या देतात. त्यांचा काय उपयोग, ते त्यांनाही माहीत आहे. तुमचे बंधू कारखान्याच्या सुट्टीच्या वारी पुण्याच्या कचेरीत गेले. कारकून सभ्य होता, खुर्ची दिली, म्हणाला, नवा अर्ज करा, मंडळ दिवाळीनंतर बसेल. हे घरी आले आणि बापावर ओरडले, एक शब्द खरा बोलला असता तर काय बिघडलं असतं? मामंजी मान खाली घालून ऐकत राहिले. मग हेच पडवीत जाऊन लहान मुलासारखे रडले. करीम म्हणाला होता की मी कुठून तरी आणून देतो, कुणाला कळणार नाही. मामंजींनी हात जोडले. म्हणाले, चोरीचा माल माझ्या घरात नको, पोराची सरकारी कारखान्यातली नोकरी जाईल. सगळे रस्ते असे एकेक करून बंद झाले.

गेल्या आठवड्यात हसीनाबी माझ्याबरोबर विहिरीवर आली होती. आधी तिनं स्वतःची घागर भरून घेतली. मग म्हणाली, “भाभी, बोलू का? तू पाण्याला आली ना, की तुझा सासरा वरडतो. आमच्या भिंतीतून आईकू येतं. कानात बोटं घालावी लागतात गं. तू घरात शिरली, की गप.” हंडा माझ्या हातातून पाण्यात गेला. म्हणजे दिवसभर मी जवळ बसते, पाय चेपते, सेवा करते म्हणून मनात बरं मानते, तेवढा वेळ ते पंचा तोंडात धरून माझी घराबाहेर जायची वाट बघत असतात.

तेव्हापासून मी काय करते सांगू? भरलेला हंडा घेऊन विहिरीवरच बसते. धुतलेलं लुगडं पुन्हा धुते. बायका हसतात, म्हणतात, मंजुळाबाईंना घर खायला उठतं. येताना पायरीवर हंडा आदळते, मोठ्यानं खोकते, म्हणजे त्यांना तोंड पुसायला आणि फेटा सारखा करायला वेळ मिळतो. आत गेले की विचारते, मामंजी, कसं वाटतंय? ते म्हणतात, “बरं हाय, पोरी.” औषध माझ्या हाती नाही, घराबाहेर राहणं तेवढं हाती आहे, आणि तेही किती वेळ जमणार? त्यांना आता कूसही स्वतः बदलता येत नाही.

वन्सं, मी शपथ मोडून लिहिते आहे, पाप लागायचं तर मला लागो. डॉक्टर म्हणतात, दिवाळीनंतरचं मंडळ त्यांना दिसणार नाही. तुमच्याकडे मी औषध मागत नाही, पैसा मागत नाही, भाऊजींची कुठं ओळख असेल तर बघा असंही म्हणत नाही. लेकापुढे ते बाप आहेत आणि माझ्यापुढे सासरे, दोन्हीकडे त्यांना ताठच बसावं लागतं. तुमच्यापुढे नाही लागणार. तुम्ही या. बाळीला घेऊन मिळेल त्या गाडीनं बार्शीहून निघा. तुम्ही उंबऱ्यात पाय ठेवलात की बाळीला घेऊन मी हसीनाबीकडे जाऊन बसेन, तुम्ही बोलवाल तेव्हाच येईन. दार लोटून घ्या, त्यांचं डोकं मांडीवर घ्या, फेटा तुमच्या हातानं काढून ठेवा, आणि त्यांना सांगा, आबा, वहिनी घरात नाही.

तुमचीच,
मंजुळावहिनी