येडगावच्या वर्गाला आणि शीलाला

मी, कुशाबा रखमाजी गावडे, वय वर्षे सत्तर, धंदा विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणे, राहणार येडगाव, तालुका जुन्नर, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय करावे हे स्वखुशीने लिहून ठेवतो. डोळे अधू झाले आहेत, बुद्धी जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट चिरंजीव गोरख "एवढ्यात कशाला, आबा?" म्हणून रुसून बसला आहे.

१. धरणाकडचे राहते घर गोरखला. त्याने मला सांभाळले. शेतीची वाटणी पूर्वीच झाली आहे.

२. एसटी थांब्याजवळचे दुकान माझ्या कष्टाचे आहे. ते माझी कन्या शीला हिला. गोरखने यात मन मोठे ठेवावे. शीलाला जन्मापासून ऐकू येत नाही आणि तालुक्यात तिच्यासाठी शाळा नव्हती. सातव्या वर्षी तिला पुण्याच्या निवासी शाळेत ठेवले. फाटकाशी ती रडत होती. मी वळून "येतो गं" म्हणालो. पण ते तिला कळणार कसे?

सुट्टीत ती यायची तेव्हा तिच्या हातांची भाषा मैत्रिणींची झालेली असे. आमच्याशी बोलायला भूक, तहान, झोप एवढ्याच खुणा उरल्या. माझी पत्नी साळुबाई तिची वेणी घालायची आणि घातलेली सोडून पुन्हा घालायची, तेवढाच वेळ लेक जवळ बसावी म्हणून. साळुबाई गेली आणि मायलेकींचे बोलणे राहूनच गेले.

३. पोस्टातील ठेव गावातील कर्णबधिर मुलांच्या वर्गाला. हा वर्ग कसा उभा राहिला ते नव्या पंचांना माहीत असावे. साळुबाईच्या माघारी मी जिल्हा परिषदेत खेटे घातले. साहेब म्हणाले, "शिक्षिका आम्ही देऊ. जागा गावाची. मुलं आणायची कशी, तेही गावानंच ठरवायचं." ग्रामसभेत हौशीराम उठले. "चार पोरांसाठी खोली? त्यापरीस स्मशानात शेड करा. मेल्यावर समद्यांनाच लागतंय."

मी म्हणालो, "भाऊ, माझी पोर जित्तेपणी लांब गेली. तिला कुठली शेड देता?"

ठराव झाला. पंचायतीने खोली दिली, पिंपरी पेंढारपासूनच्या मुलांचे एसटीभाडे दूध संस्थेने उचलले. हौशीरामांनी ते शब्द मागे घेतले नाहीत. पण छपराचे पत्रे त्यांनीच दिले. दोन्ही गोष्टी गावाने लक्षात ठेवाव्यात.

शिक्षिकेचे मानधन सरकारकडून रखडले तर ठेवीच्या व्याजातून द्यावे. मात्र गाव देते म्हणून सरकारने हात झटकू नयेत. दरवर्षी ठराव करून त्यांचा वाटा मागत राहावे. लाजू नये.

४. वर्ग सुरू झाला तेव्हा शीला वीस वर्षांची होती. पुढल्याच वर्षी लग्न होऊन चिंचवडला गेली. तिला त्याचा काही उपयोग नव्हता. मी मात्र दुकान बंद करून दुपारी मागच्या बाकावर बसू लागलो. वर्गाच्या शिक्षिका श्रेया मॅडम मुलांबरोबर मलाही खुणा शिकवू लागल्या. बोटे राठ, लवकर वळत नसत. मुले हसायची. त्या दिवाळीला शीला आली, तेव्हा मी हातांनी विचारले, "पुण्याच्या शाळेत तुला आमची आठवण यायची का?" ती बघतच राहिली. मग इतक्या भराभर बोलू लागली की मला काहीच उमगेना. "सावकाश, बाळ, सावकाश," एवढेच मी म्हणू शकलो. त्यातले निम्मे मला अजून कळलेले नाही.

५. दुकानातील हत्यारे जावई भरत यांना.

६. माझ्या पश्चात हा कागद शीलाच्या हाती नुसता देऊ नये. गोरखने तिला समोर बसवावे आणि श्रेया मॅडमनी तो खुणांनी, कलमागून कलम सांगावा. मध्येच तिने काही विचारले तर थांबावे. तिचे मला सांगायचे राहिलेले ती त्यांना सांगू लागली, तर तेही पुरते ऐकावे. ती आपणहून हात खाली ठेवीपर्यंत कोणी उठू नये.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

येडगाव, दिनांक ११ नोव्हेंबर २००६

(सही) कुशाबा रखमाजी गावडे

आमच्यासमोर सही झाली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळावयाचे नाही.
साक्षीदार : १. नेमीचंद ताराचंद मुथा, व्यापारी, नारायणगाव
२. जानकू धोंडीबा भोर, शेतकरी, येडगाव