एनिडचा पाय

मी, एनिड रूथ मॉल्टबी, वय शहात्तर, राहणार हॉर्नकासल, लिंकनशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. यकृताबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला नीट समजले असून, यंदाचे वाटाणे मी सोलेन असे त्यांना वाटत नाही. हे लिहायला मला कोणी भरीला घातलेले नाही. माझे पती रोलंड मॉल्टबी या क्षणी गॅरेजमध्ये गाडी पुसत आहेत. मी काय लिहिते आहे हे विचारायला ते बावन्न वर्षांत कधी आले नाहीत, तेव्हा आजही येणार नाहीत. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी टेसा हिने करावी. रडायचे असेल तर तिने आधी रडून घ्यावे आणि मग कागद उघडावेत. माझ्या अक्षरावर पाणी सांडलेले मला चालणार नाही.

२. राहते घर, बाग आणि गॅरेज माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे वडील हॅरल्ड ब्लँचर्ड यांचे लिंकन रस्त्यावर मोटारदुरुस्तीचे दुकान होते. माझ्या लग्नाच्या आठवड्यात त्यांनी हे घर घेतले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा बरा आहे गं, पण कागदावर तुझंच नाव राहू दे." रोलंडला याचा राग अकरा वर्षे पुरला. हे घर मी टेसाला देते. रोलंडने त्यात राहायचे की नाही, हे कलम ६ मध्ये ठरेल. मधली कलमे त्याने गाळू नयेत. सूचना न वाचता पुढे जायची त्याला सवय आहे, आणि सगळे तिथूनच सुरू झाले.

३. गॅरेजमधली हिरवी, बुटकी, बिनटपाची दोन माणसांची गाडी रोलंडची आहे. तिच्यावर माझा हक्क नाही. २०१० च्या वसंतात ती एक सांगाडा आणि एकोणीस खोकी अशी आमच्या दारात आली. रोलंड नुकताच निवृत्त झाला होता. "आपण दोघं मिळून बनवू," तो म्हणाला. सीटची कातडी मी शिवली. (हौशी गाडीवाल्यांच्या क्लबात त्याने सांगितले, "बाहेरून करून घेतली.") पत्र्याला तीनशेवर रिव्हेट मी मारले. गाडी घरीच बांधली याचा पुरावा म्हणून सरकारला फोटो लागतात, ते सगळे मी काढले. फायलीत तीनशे चाळीस फोटो आहेत. रोलंड वाकलेला, रोलंड पाना धरून, रोलंड चहा पिताना. मी एकाही फोटोत नाही, कारण कॅमेरा माझ्या हातात होता.

वडिलांची पान्यांची पेटी आणि माझे शिवणयंत्र टेसाला. रोलंडला पाना हवा असल्यास त्याने तिच्याकडे मागावा, आणि मागताना "प्लीज" म्हणावे.

४. आता ब्रेकविषयी. हे कलम म्हणजे देणगी नाही, पण याशिवाय पुढचे कोणाला कळणार नाही.

ब्रेकच्या नळ्यांत तेल भरले की आत हवा अडकते आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. ती हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने गाडीत बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाशी आडवे पडून कॅलिपरवरचा, म्हणजे चाक आवळून धरणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यावरचा, छोटा स्क्रू उघडायचा. फेस येतो, स्क्रू बंद करायचा, मग पेडल सोडायचे. माझे वडील हे काम माझ्याकडून मी दहा वर्षांची असल्यापासून करून घेत. ते म्हणायचे, "हवा वर चढते, पोरी. स्क्रू वर असला तरच ती बाहेर पडते."

२०११ च्या जूनमधल्या पहिल्याच रविवारी मी गाडीत बसण्याआधी वाकून पाहिले. स्क्रू खाली होता. दोन्ही बाजूंना. रोलंडने डावा कॅलिपर उजव्या चाकाला आणि उजवा डाव्याला लावला होता.

मी म्हटले, "रोलंड, ते स्क्रू वरच्या अंगाला नकोत का?"

"अगं, तू फक्त पेडल दाब. डोकं मी चालवतो."

म्हणून मी फक्त पेडल दाबले. "दाब! धर! सोड!" अकरा रविवार. पेडल मऊच. तिसऱ्या रविवारपासून तो म्हणू लागला, "तुझा पाय लवकर सुटतो." पाचव्यापासून, "एवढंसुद्धा जमत नाही? माकडाला बसवलं असतं तरी झालं असतं." मला पुन्हा सांगता आले असते. मी सांगितले नाही. तो फरशीवर आडवा, केसांतून ब्रेकचे तेल गळते आहे, बोटांची सालटी निघाली आहेत, आणि मी वर उशीवर बसले आहे, याची मला मजा येऊ लागली होती. हे मी देवापुढेही नाकारणार नाही. पण माझा उजवा गुडघा आधीच गेलेला होता, आणि अकराव्या रविवारी मला गाडीतून उतरता येईना. त्याने मला उतरवले नाही. म्हणाला, "बघ, पायातच दम नाही." माझे त्याच्यावर प्रेम होते. ते कधी संपले हे मला तारखेनिशी सांगता येते.

मी गुडघा बदलायला इस्पितळात गेले. परत आले तेव्हा पेडल दगडासारखे घट्ट झाले होते. शेजारच्या नॉर्मन स्पाइटला बसवून दहा मिनिटांत काम झाले होते म्हणे. मी कुबड्यांवर उभी होते आणि रोलंड म्हणाला, "याला म्हणतात पाय!" मग त्याने मला फायलीसाठी चाकांचा फोटो काढायला लावला.

फोटो क्रमांक २१२, जून: स्क्रू खाली. फोटो क्रमांक २६०, सप्टेंबर: स्क्रू वर. मी नसताना त्याने कॅलिपरची गुपचूप अदलाबदल केली होती. दोन्ही फोटो चौदा वर्षे त्याच्याच फायलीत आहेत. त्याला ते कधी दिसले नाही, कारण फोटोत तो फक्त स्वतःचा चेहरा शोधतो.

५. मी थांबले. मला वाटले, तो आपणहून सांगेल. गाडीवाल्यांच्या क्लबाचे वार्षिक जेवण नोव्हेंबरात असते. निदान तिथे तरी हसत हसत सांगेल. त्याने तिथे माझी बागेतली उजवी चप्पल नेली. सोनेरी रंग दिलेली, लाकडावर ठोकलेली. क्लबाचे अध्यक्ष लेस्ली पेटिट यांनी तिचे नाव ठेवले "एनिडचा पाय". तेव्हापासून वर्षातली सर्वांत मोठी घोडचूक करणाऱ्याला ती बक्षीस मिळते. कोणाचे पेडल मऊ लागले की क्लबात म्हणतात, "काय रे, एनिड झाली वाटतं?" बायकासुद्धा म्हणतात. ज्या पोरांनी मला कधी पाहिले नाही तीही म्हणतात.

अशी चौदा जेवणे झाली. मी प्रत्येकाला गेले, प्रत्येक वेळी हसले, आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडाकडे पाहिले. पुडिंग येईपर्यंत मला आशा असायची.

६. सबब अट अशी. येत्या नोव्हेंबरातल्या जेवणाला, पुडिंगनंतर आणि कॉफीच्या आधी, रोलंडने ती चप्पल हातात घेऊन उभे राहावे. फोटो २१२ आणि २६० टेसाने मोठे करून भिंतीवर लावावेत. रोलंडने पुढील वाक्ये वाचावीत: "कॅलिपर मी चुकीच्या बाजूला लावले होते. एनिडने पहिल्याच रविवारी सांगितले होते. तिच्या पायात काही दोष नव्हता."

एवढेच. चौथे वाक्य नको. विनोद नको. कोणी हसले तर पहिल्यापासून पुन्हा वाचावे. डोळ्यांत पाणी आणून लोकांची कीव मिळवू नये. ती कला त्याला येते.

असे त्याने केल्यास तो मरेपर्यंत या घरात राहू शकतो. न केल्यास तीस दिवसांत त्याने आपली गाडी, आपली फाईल आणि आपले डोके घेऊन बाहेर पडावे. टेसा, तू मऊ आहेस, हे मला माहीत आहे. तुला दया येईल. ती त्याची येते आहे की स्वतःची, हे आधी तपासून घे.

७. त्या चप्पलजोडीतली डावी चप्पल शेडमध्ये आहे. ती अध्यक्ष पेटिट यांना द्यावी. जोडी पूर्ण झाल्याशिवाय घालता येत नाही.

रुबार्बच्या आंबट देठांचा वाफा शेजारीण डिलिस कटफर्थ हिला. इस्पितळातून आल्यावर मला न्हायला तिने मदत केली होती. रोलंड तेव्हा गाडीला मेण लावत होता.

८. शेवटचे. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलावे लागते. पुढची वेळ या मे महिन्यात आहे. आजवर नॉर्मन पेडल दाबायला यायचा. गेल्या हिवाळ्यात त्याचे खुब्याचे हाड मोडले आणि आता तो चाकाच्या खुर्चीत आहे. टेसाने त्या पेडलवर पाय ठेवू नये, ही माझी विनंती नसून आज्ञा आहे.

२०१० च्या नाताळात मी रोलंडसाठी एक बाटली आणली होती. तिला नळी आणि झडप असते, आणि ती लावली की माणसाला एकट्याने ब्रेकची हवा काढता येते. त्याने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "ही कशाला? तू आहेस की!" तेव्हा मला ते गोड वाटले होते.

बाटली जिन्याखालच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. वेष्टन फोडलेले नाही. ती मी माझे पती रोलंड यांना देते.

ठिकाण: हॉर्नकासल, लिंकनशायर
दिनांक: १२ एप्रिल २०२५

(सही) एनिड रूथ मॉल्टबी

खालील दोघांच्या देखत सही झाली. दोघांनी एकाच वेळी, याच टेबलाशी बसून आपापल्या सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. डिलिसला रुबार्ब मिळतो म्हणून तिला साक्षीला घेतले नाही.

साक्षीदार १: (सही) मार्गरी टॉइन, निवृत्त ग्रंथपाल.

साक्षीदार २: (सही) नॉर्मन स्पाइट, शेजारी. सही करण्यापूर्वी वाचले. कॅलिपरची अदलाबदल रोलंडने माझ्यादेखतच केली होती. "एनिडला बोलू नकोस," असे तो मला म्हणाला, आणि मी बोललो नाही.