फुलंब्रीची एक पत्रिका कमी आहे

मुकुंदवाडी,
छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप कारभारीमामांस,

भाचा इंद्रजीत याचा वाकून दंडवत. मामींचा गुडघा कसा आहे? गाय व्याली का? आम्ही इकडं सगळे ठीक. (फोनच केला असता, पण आमच्या धाकट्या शिवराजच्या लग्नापासून माझा फोन तुमच्याकडं लागत नाही. रेंजची अडचण असेल.)

विशेष असं की, आमच्या तनुजाला छंद लागला आहे. शाळेत मॅडम म्हणाल्या, मोबाईल सोडवायचा तर पोरांना कशाचा तरी संग्रह करायला लावा. आधी पोस्टाची तिकिटं बघितली, पण आमच्याकडं येतं ते कुरियर आणि लाईटबिल, त्यांना तिकीट नसतं. मग वेरूळहून तिनं पिशवीभर दगड आणले. त्यातले चपटे आईनं लोणच्याच्या बरणीवर ठेवायला घेतले, उरलेले कुंडीत टाकले. शेवटी घरात न मागता सगळ्यात जास्त काय येतं, याचा मी विचार केला, तर लग्नपत्रिका. (हा विचार मी केला नसता तर बरं झालं असतं.)

घरातल्या संपल्यावर ती गल्लीत दारोदार मागायला लागली. पाठीमागच्या गल्लीत कडुबा म्हणून एक गृहस्थ आहेत, आमची ओळख नाही. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. ही दारात जाऊन म्हणाली, "पत्रिका द्या." आपण बोलवायचं विसरलो म्हणून लोकांनी लेकरू पाठवलं, असं त्या माणसाला वाटलं. तो बिचारा संध्याकाळी बायकोला घेऊन आमच्याकडं आला, अक्षता दिल्या, माफी मागितली आणि सहकुटुंब या म्हणाला. आता अक्षता घेतल्यावर न जाऊन कसं चालेल? गेलो. तिथं मला नवरदेवाकडचा समजून फेटा बांधला, पुढच्या सोफ्यावर बसवलं आणि नवरीच्या काकांनी दोनदा आग्रह करून जिलबी वाढली. नवरदेवाकडचे मला नवरीकडचा समजत होते, त्यामुळं त्यांनीही वाढली. तेवढ्यात तनुजा स्टेजवर चढून नवरदेवाला उरलेल्या पत्रिका मागून आली. आम्ही फेट्यासकट निघालो.

संग्रह म्हटला की पोरगी वाचणार, जुळवणार. कुणाच्या पत्रिकेत गणपती मोठा, कुणाच्यात नावं जास्त, सगळं तिला पाठ. परवा शिवराजची पत्रिका काढून म्हणाली, "पप्पा, सगळ्यांच्यात मामाचं नाव वर असतं. आपल्यात मामाआजोबांचं खाली का, बँडवाल्याच्या वर?" मी म्हणालो, प्रेसवाला चुकला. ती म्हणाली, "मग त्यांना सॉरी म्हणलात का?" मी टमाटे आणायला बाहेर गेलो.

पत्र लांबलं. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
इंद्रजीत

ता. क. : तुमच्या मंजुषाचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. कळलं ते असं, की शेजारच्या सोमनाथच्या घरून तनुजा तिची पत्रिका घेऊन आली. सोमनाथ तुमच्याकडून खत घेतो, एवढीच तुमची ओळख. आईनं पत्रिका हातात घेतली, दोनदा वाचली आणि म्हणाली, "छपाई चांगली हाय."  रात्री तिची भाकरी ताटात तशीच होती. पत्रिका सोमनाथला परत द्यावी लागली, तेव्हा एक आमच्या नावाची पाठवावी. तनुजाच्या संग्रहासाठी.

ता. क. २ : संग्रहासाठी नको, आईसाठी पाठवा.

ता. क. ३ : आता पाठवू नका. पाकीट चिकटवायला गेलो, तर आई नवी साडी नेसून, तनुजाचा हात धरून दारात उभी. म्हणाली, "पोरीला पत्रिका पायजे. पोस्टाचा काय भरवसा नाय. मीच जाते फुलंब्रीला." मी म्हणालो, न बोलावता? तर म्हणाली, "भावाच्या घरी जायला बोलावणं लागतं व्हय?" हे पत्रही तिच्याच पिशवीत देतोय. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा ती समोर उभी असेल. तिला आधी बसा म्हणा आणि चहा विचारा. पहिल्यांदा ती नको म्हणेल.