कंट्रोलरमधली फट

बाबा, तुम्ही गेल्यापासून आपल्या उरणच्या घरात कोणी कोणावर हात उचललेला नाही. गेल्या महिन्यात कारखान्यात मी उचलला, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

विजेवर चालणाऱ्या ट्रकच्या मोटारीचे कंट्रोलर आम्ही बनवतो. आतले ट्रान्झिस्टर भयंकर तापतात. ती उष्णता बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या खोक्यात जायला हवी, पण मध्ये केसाएवढी हवा राहिली तरी ती अडते. ती फट कशाने भरायची, हे ठरवणं माझं काम. पेस्ट तापता-निवता बाहेर सरकते, कडक पॅड उंचसखल जागी नीट टेकत नाही. बरंच तपासून मी एक मऊ जेल निवडलं होतं, रस्त्याच्या हादऱ्यांतही जागा न सोडणारं. खरेदीच्या साहेबांनी मला न विचारता कडक पॅड मागवले. मी म्हटलं, हे पॅड लावून चाचणी घेऊ नका. ते हसले. "मॅडम, फट ती केवढी! उगाच घाबरवू नका."

कंट्रोलर चाचणीतच तापून फुटला. समोर उभी राहून चाचणी घेणारी माझी मैत्रीण तोंड झाकून खाली बसली. बोटांमधून रक्त येत होतं. "माझा डोळा बघ ना गं," एवढंच म्हणत राहिली. तिला गाडीत घालून नेलं, तोवर साहेब दारात आले. म्हणाले, "तिनंच झाकण नीट बसवलं नसेल."

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. कालवण खारट झालं म्हणून तुम्ही उकळतं भांडं आईवर भिरकावता. ती किंचाळते. तुम्ही म्हणता, "तिनंच हात मधी घातला." दुसऱ्या दिवशी मला तारा जोडायची सोल्डरिंग गन आणून देता. "रडतेस काय गो? शिक कायतरी." त्याच गनवर मी शिकले, हेही खरं.

मी साहेबांची कॉलर धरली आणि त्यांचं डोकं दारावर आपटलं. ओठ फाटला, दात हलला. लोकांनी ओढून बाजूला केलं तेव्हा माझी मूठ त्यांच्या रक्तानं चिकट झाली होती.

मैत्रिणीचा डोळा गेला. पॅड भंगारात गेले, जेल परत आलं. मी निलंबित आहे.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून सांगते. चौकशीत एक गोष्ट मी बोलले नाही, लाजेपोटी साहेबही बोलले नाहीत. लोक धावत येण्याआधी त्यांनी हात जोडले होते, "चुकलो, चुकलो" म्हणत होते. त्यानंतर मी त्यांना पुन्हा मारलं.