ज्यानं कान लावला नाही

३ मे १९५१, ह्युगोटन
पोचले एकदाची. चाकांवरचं स्वयंपाकघर झकास, शेगडी नवीकोरी. व्हर्लिन धावत आला, ताई ताई करत. आई गेल्यावर मीच वाढवला त्याला. घरी न्यायलाच ही नोकरी धरलीय, पण आज बोलले नाही. मुकादम प्रुइट म्हणाला, बाई, तोंड फार चालतं का? म्हटलं, तुमची बंद ठेवण्यापुरतं रांधते. सगळे हसले.

यांचं काम म्हणजे गॅसच्या विहिरीत अ‍ॅसिड सोडायचं. खालचा चुनखडक विरघळतो, गॅस मोकळा वर येतो. अ‍ॅसिड मुरेपर्यंत एकेकानं पाइपाला कान लावून खडक फसफसताना ऐकायचा, ही इथली रीत. मलाही बोलावलं. म्हटलं, माझ्या शेंगा करपतील.

५ मे
व्हर्लिन अर्धा तास कान लावून बसला. जेवला नाही. म्हणतो, खाली कोणीतरी चावतंय, ताई, उपाशी आहे. म्हटलं, चुन्यावर आंबट पडलं की फसफसणारच, गाढवा.

८ मे
पंपवाला हॅस्केल गेला. ठार बहिरा होता, कान लावून काय ऐकणार? भर दुपारी प्रुइटनं पान्यानं त्याचं डोकं फोडलं. दोघांनी पाय धरले, तोंड अ‍ॅसिडच्या पिंपात दाबलं. बराच वेळ तडफडत होता. मग पिंपातलं सगळं विहिरीत सोडलं. गॅस दुप्पट आला.
पाय धरणाऱ्यांत माझा व्हर्लिन होता.
हात धुऊन जेवायला बसले. प्रुइटनं परत मागितलं. मी वाढलं.

९ मे
गाव बारा मैल. ट्रकच्या किल्ल्या प्रुइटकडे. व्हर्लिनला म्हटलं, चल, चालत जाऊ. म्हणतो, न ऐकलेली आता तू एकटीच उरलीस, ताई, एकदा कान लाव, नाहीतर पुढची तू, त्यांना थांबवायचा दुसरा उपाय माझ्याकडे नाही. थोबाडीत दिली. रक्त थुंकला, परत तेच.

१० मे, सकाळ
तवा घातला त्याच्या डोक्यात. खुर्चीला बांधला. दाराला टेबल लावलं. बाहेर उभेत सगळे. ठोकत नाहीत. नुसते उभे.

दुपार
शुद्धीवर आला. म्हणतो, ते दार कशाला तोडतील, मी आत आहे ना.
फडकं भिजवायला वळले. दोरी खाली पडलेली—
तवा त्याच्या हातात. म्हणतो, शेवटचं विचारतो, ताई.
लावते म्हटलं, कान लावते, पण मग आपण घरी—
नाही म्हणून मान हलवतोय. बाहेर पंप सुरू केला कोणीतरी.
बाळा, आधी तो तवा खाली—